एकशेआठ फोन

कुरणवाडीत लहानू नावाचा एक भोळा जावई राहत होता. जावई, आणि तोही घरजावई, म्हणजे बघा. नाव लहानू, पण अंगानं असा दांडगा की गव्हाचं भरलं पोतं एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं कान खाजवायचा. डोकं मात्र देवानं अगदी सरळ रेघेत बसवलेलं. जे ऐकलं ते तसंच्या तसं. त्याला आडवळण म्हणून नाही.

आई-बाप त्याच्या लहानपणीच गेले. केरूआबांनी त्याला आपल्या पिठाच्या गिरणीवर ठेवला, वाढवला, आणि पुढं आपली एकुलती एक लेक सगुणा त्यालाच दिली. गाव म्हणालं, "काय हे आबा! पोरीला विहिरीत ढकललीत की." लहानूनं ते ऐकलं, आणि त्याच दुपारी जाऊन विहिरीवर फळ्या टाकून आला. चार दिवस गावाला पाणी भरता आलं नाही.

आबा त्याला उठता-बसता 'येडच्याप' म्हणायचे. पण नव्या गव्हाची पहिली चपाती लहानूच्या ताटात पडली की नाही हे बघितल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत. लहानूला बाकी काही कळत नसेल, पण हे कळत होतं. आबा म्हणजे त्याचं सगळं जग होतं.

तर झालं काय, फाट्यावर नवा दवाखाना निघाला. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तातडीचा दवाखाना'. गाव त्याला नुसतं 'तातडी' म्हणायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी देवळाच्या मांडवात लोकांना बसवून समजावलं. साधं सर्दी-पडसं, जुनी गुडघेदुखी असलं काही असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडं जावं. पाय मुरगळला, टाका घालण्याजोगी जखम झाली, ताप उतरेना, असं त्याच दिवशी बघायला हवं पण जिवावरचं नाही, ते तातडीत आणावं. बोट-बीट तुटलं तर तुटलेला तुकडा टाकू नये, स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी बर्फात ठेवून सोबत घ्यावा आणि थेट मोठं रुग्णालय गाठावं. आणि जिवावरचंच असेल, तर तातडीतही वेळ घालवू नये.

लोक ऐकत होते. लहानूही ऐकत होता. पण मांडवाच्या खांबावर एक सरडा चढत होता, तो वर पोचतो की नाही याची लहानूला काळजी लागून राहिली होती. त्यामुळं त्याच्या कानात 'तातडी' हा शब्द आणि तुटलेला तुकडा बर्फात कसा ठेवायचा, एवढंच शिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं चुलीवर पुरण चढवलं आणि डबा उघडून बघते तर गूळ नाही.

"अहो," ती ओरडली, "तातडीनं गूळ आणा!"

लहानू निघाला. वाटेत वाण्याचं दुकान लागलं. वाण्यानं हाक मारली, "काय लहानूभाऊ, कुठं?" लहानू म्हणाला, "गूळ आणायला." आणि दुकानावरून तसाच पुढं गेला. फाट्यावर पोचला, रांगेत बसला, त्याचा नंबर आला.

"बोला, काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला काही होत नाही. अर्धा किलो गूळ द्या."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "लहानूभाऊ, इथं गूळ मिळत नाही. इथं माणूस आणायचा असतो. ज्याचं काही दुखतंय तो माणूस. कळलं?"

"ज्याचं दुखतंय तो माणूस," लहानू म्हणाला, आणि पक्कं ध्यानात ठेवून घरी आला. पुरण लागलं ते लागलंच. सगुणा म्हणाली, "तुमच्यापुढं हात टेकले बाई!" लहानू वाट बघत उभा राहिला, पण तिनं हात काही टेकले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आबांच्या गिरणीत नवी चक्की आली. गावात दुसरी गिरणी होती बबनरावाची. तो रोज येता-जाता नव्या चक्कीकडं वाकड्या तोंडानं बघायचा. एकदा सगुणा दळण चाळता चाळता म्हणाली, "आपली चक्की आल्यापासून त्या बबनरावाच्या पोटात नुसतं दुखतंय."

लहानूनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"फार दुखतंय?"

"फार म्हणजे! झोप नाही मेल्याला."

आता एवढं कळल्यावर लहानू स्वस्थ बसतो होय? तो तडक बबनरावाच्या गिरणीवर गेला. बबनराव डब्यावर बसून चहा पीत होता. लहानूनं त्याला बशीसकट खांद्यावर घेतला आणि फाट्याची वाट धरली. बबनराव पाय झाडत होता, शिव्या देत होता. लहानू त्याला धीर देत होता, "थोडा दम धरा, तातडी आलीच."

दवाखान्यात त्यानं बबनरावाला बाकावर आदळला. "बाई, माणूस आणलाय. पोटात दुखतंय याच्या."

"कधीपासून?"

"आमची नवी चक्की आल्यापासून."

बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बबनराव लालबुंद झाला. बाईंनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते खोकल्यावर नेलं. "लहानूभाऊ, हे दुखणं जुनं आहे. जुनं दुखणं तातडीत आणायचं नसतं. आजचं, ताजं असेल तेच आणायचं. आणि आजारी माणसाला असं पोत्यासारखं नाही आणायचं हो! आडवं निजवायचं, हलू द्यायचं नाही, सावकाश आणायचं."

"ताजं. आडवं. सावकाश," लहानूनं मान डोलावली.

आणि खरंच, लवकरच ताजं दुखणं चालून आलं. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली होती. गिरणीपुढचा रस्ता आपण करून आणला असं आबा छाती पुढं काढून सांगत होते. तेवढ्यात बबनराव उठला आणि म्हणाला, "करून आणला तर मग आहे कुठं? आम्ही अजून चिखलातूनच चालतोय." सभा खो-खो हसली. आबा तरातरा घरी आले, खाटेवर पडले आणि टॉवेल ओढून तोंड झाकून घेतलं.

"काय झालं आबा?" लहानूनं विचारलं.

"काय व्हायचं राहिलंय! भर सभेत त्या बबन्यानं माझं नाक कापलं."

टॉवेल उचलून बघायची लहानूची छाती होईना. "आत्ताच कापलं?"

"आत्ताच! अजून सगळे हसतायत तिथं."

ताजं होतं. लहानूला एकदम बर्फाचं आठवलं. तुटलेला तुकडा टाकायचा नसतो! तो धावत पटांगणात गेला. सभा उठली होती, सरपंच सतरंज्या गोळा करून घेत होते.

"सरपंच, आमच्या आबांचं नाक कापलं का हो इथं?"

"कापलं की," सरपंच म्हणाले. "सगळ्या गावानं बघितलं."

"मग ते गेलं कुठं?"

"गेलं ते गेलं, लहानू. आता कुठलं परत मिळतंय!"

पण लहानू हार मानणारा नव्हता. त्यानं एकेक सतरंजी उलटीपालटी करून झटकली. खुर्च्यांच्या खाली रांगत फिरला. आणि शेवटी, आबा जिथं उभे होते तिथंच, त्याला ते सापडलं. तपकिरी, वाकडंतिकडं, एका बाजूनं जरा चेपलेलं. लहानूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते धुतल्या रुमालात गुंडाळलं, पिशवीत घातलं, गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन त्यात पिशवी ठेवली. घरी येऊन आबांना खाटेला दोरीनं बांधलं, म्हणजे हलायला नको. मग खाट टेम्पोत चढवली आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "सावकाश." टेम्पो इतका सावकाश निघाला की अर्धं गाव बरोबर चालत फाट्यापर्यंत आलं. आबा टॉवेलाखालून ओरडत होते. लहानूला वाटलं, नाक नाही म्हणून आवाज असा येतोय.

"बाई, आबांचं नाक कापलं! पण घाबरू नका, आणलंय मी."

बाईंनी टॉवेल बाजूला केला. नाक जागच्या जागी होतं, रागानं फुललेलं. मग त्यांनी बर्फातली पिशवी उघडली, रुमाल सोडला आणि आत बघितलं.

"लहानूभाऊ, हे कांदाभजं आहे."

सभेत चहा-भजी झाली होती. लहानूनं भज्याकडं बघितलं, आबांच्या नाकाकडं बघितलं. "तरीच म्हटलं," तो म्हणाला, "आबांचं नाक इतकं तेलकट कसं."

सभेत कापलं नव्हतं एवढं नाक आबांचं त्या दिवशी दवाखान्यात कापलं गेलं. घरी आल्यावर त्यांनी लहानूला पुढ्यात उभा केला. "जावईबापू, आता कान उघडे ठेवून ऐका. माझ्या दुखण्याच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. मी मेलो तरी कुणाला कळवायचं नाही. आलं का ध्यानात?"

"तुम्ही मेलात तरी कळवायचं नाही," लहानू हिरमुसून म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही. आबांनी सगुणाकडून दोनदा निरोप धाडला, जेव म्हणावं त्या येडच्यापाला. तेव्हा कुठं जेवला.

डॉक्टरीणबाईंनीही त्याला निघताना समजावलं होतं. "लोक बोलतात ते सगळं खरं नसतं. ऐकल्याबरोबर धावत सुटू नका. आधी आपल्या डोळ्यांनी बघा. रक्त येतंय का बघा. मग ठरवा."

बघायचं. रक्त आहे का ते बघायचं. ठरलं.

मग सगुणा पाण्याची घागर घेऊन येताना ओट्यावरून घसरली आणि पाय मुरगळून मटकन खाली बसली. "आई गं! अहो, पाय गेला माझा! तातडीत न्या मला!"

लहानूनं बघितलं. पाय कुठं गेला नव्हता. तिथंच होता. लोक बोलतात ते सगळं खरं नसतं, तसंच हे. त्यानं तिच्यासमोर बसकण मारली आणि रक्त येतंय का ते बघायला लागला.

"अहो, बघत काय बसलात?"

"बाईंनी सांगितलंय, बघत बसायचं."

ऊन उतरलं तरी तो बघतच होता. रक्त काही आलं नाही, पण घोटा मात्र फुगून दुधी भोपळ्याएवढा झाला. शेवटी शेजारणींनी सगुणाला उचललं, टेम्पोत घातलं आणि तातडीत नेलं. लहानू मागून घागर घेऊन गेला, कारण पडली तर तीही होती.

डॉक्टरीणबाई आधी घोट्यावर वाकल्या, मग लहानूवर भडकल्या. "अहो, हेच तर तातडीचं दुखणं! यासाठीच तर मी इथं बसलेय! रक्त नसलं म्हणून काय झालं? जे डोळ्यांना दिसत नाही तेच दुखणं कधी कधी जास्त वाईट असतं."

"आधी बघा म्हणालात," लहानू रडवेला होऊन म्हणाला. "आता म्हणता दिसत नाही तेच वाईट. मी करू तरी काय बाई? मला चांगलंच करायचं असतं हो."

ते मात्र खरं होतं. बाईंचा राग निवळला. त्यांनी सगुणाच्या घोट्याला पट्टी बांधायला घेतली आणि बांधता बांधता लहानूला म्हणाल्या, "बरं, बाकीचं सगळं सोडा. एकच ध्यानात ठेवा. आबांचं वय झालंय, घरात तुम्हीच असता. कधी त्यांच्या छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या, तर ते जिवावरचं. तिथं बघत बसायचं नाही, माझ्याकडंही आणायचं नाही. बसवून ठेवायचं, चालू द्यायचं नाही, आणि लगेच..."

एवढ्यात पट्टी सुटायला लागली. बाईंनी तिचं टोक दातांत धरलं आणि तशाच बोलल्या, "लगेच एकशेआठ फोन करायचा."

म्हणायचं होतं त्यांना 'एकशेआठला', म्हणजे रुग्णवाहिकेच्या नंबराला. पण तो 'ला' पट्टीत अडकून राहिला. आणि शेवटच्या कान्याची पट्टीच्या दुसऱ्या टोकात मात्रा झाली असावी, कारण लहानूला ऐकू आलं ते असं: एकशेआठ फोन करायचे.

"एकशेआठ?" लहानूनं विचारलं.

"हं. एकशेआठ. त्यातला एक आकडा इकडचा तिकडं झाला तरी उपयोग नाही."

"नाही होणार," लहानू म्हणाला. त्याला ते अवघड वाटलं, पण जिवावरचं म्हटल्यावर तेवढं करायला हवंच. देवाचा जप नाही का लोक एकशेआठ करत?

त्यानंतर थोड्या दिवसांनी सगुणा सकाळीच पट्टी बदलायला टेम्पोतून फाट्यावर गेली. गिरणीत आबा आणि लहानू दोघंच होते. दळणाची गर्दी अजून सुरू झाली नव्हती. आबा एकाएकी वजनकाट्यावर बसले आणि छातीला हात लावला.

"लहानू, छातीवर कुणी गिरणीचा दगड ठेवल्यासारखं वाटतंय रे."

लहानू आत गेला, चक्की बघून आला. "नाही आबा. दगड जागेवर आहे."

"येडच्यापा..." आबा म्हणाले, पण त्या शब्दात नेहमीचा जोर नव्हता. "पित्त असेल. ओवा दे जरा. हा डावा हात बघ, नुसत्या मुंग्या आल्यात."

लहानूनं हात बघितला. बाही वर सारून बघितला, झटकून बघितला. एकही मुंगी नव्हती. कुठं गूळ-बिळ सांडलाय का म्हणून त्यानं काट्याखालीही बघितलं. आणि वर बघतो तर आबांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या, चेहरा मैद्यासारखा पांढरा.

लहानूच्या सरळ रेघेतल्या डोक्यात एकदम तिन्ही गोष्टी ओळीनं येऊन बसल्या. दडपण. घाम. मुंग्या. मुंग्या दिसत नव्हत्या खऱ्या, पण दिसत नाही तेच दुखणं जास्त वाईट, असं बाईच म्हणाल्या होत्या. आबा गेले तर? आपल्याला येडच्याप कोण म्हणणार? आपल्या ताटाकडं बघून कोण जेवणार?

त्यानं आबांना भिंतीला टेकवून बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि फोन काढला. तेवढ्यात त्याला आबांनी बजावलेलं आठवलं आणि तो अडखळला.

"आबा, तुम्ही मेलात का?"

"अजून नाही रे..."

"मग हरकत नाही," लहानू म्हणाला, आणि कामाला लागला.

एकशेआठ फोन करायचे म्हणजे फोनमधल्या नावांच्या यादीत वरून सुरुवात करावी. पहिलं नाव होतं अण्णा सलून. अण्णाचं दुकान चार घरं सोडून.

"अण्णा, आबांच्या छातीवर दडपण आलंय, घाम आलाय, मुंग्या आल्यात."

"बाप रे! एकशेआठ केलास का?"

"करतोय ना. हा तर पहिलाच."

अण्णाला काही उमगलं नाही, पण उमगून घेत बसायलाही तो थांबला नाही. त्यानं वस्तरा ठेवला, स्वतःच एकशेआठला फोन लावला, पत्ता सांगितला, मग डॉक्टरीणबाईंना लावला, आणि गिरणीकडं धावत सुटला. त्याच्यामागं तोंडाला अर्धा फेस असलेलं गिऱ्हाईकही धावलं.

लहानूच्या यादीत दुसरा होता आचारी, त्याचा फोन झाला, आणि तिसरं नाव होतं आबा. आबा तर समोरच बसले होते. म्हणून त्यांना सोडून तो पुढं गेला. इस्त्रीवाला. उसाचा रस. प्रत्येकाला त्यानं तेच सांगितलं, "आबांना जिवावरचं दुखणं आलंय. मी एकशेआठ फोन करतोय. तुमचा झाला, ठेवतो." एकाचा फोन लागेना. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती व्यस्त आहे. लहानू म्हणाला, "मग तुम्ही तरी या, बाई." आणि तोही फोन त्यानं मोजला.

गिरणीपुढं माणसं गोळा व्हायला लागली. आचारी झारा हातात घेऊनच आला. अण्णा आबांना वारा घालत होता आणि गर्दीला मागं रेटत होता. "अरे लहानू, आता बास की! गाडी येतेय!"

"बास कसं? एक आकडा कमी झाला तरी उपयोग नाही!" लहानू फोनवरून मान न उचलता म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बोटं मात्र चालू होती.

भोंगा वाजवत गाडी आली. आतून उतरलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "नातेवाईक कोण?"

"मी. जावई," लहानू म्हणाला. "एक मिनिट थांबा, झाकणवाला लागलाय."

गाडीवाल्यांनी आबांना आडवं घेतलं आणि लहानूला फोनसकट आत ओढलं. फाट्यावर डॉक्टरीणबाई सगुणाला घेऊन उभ्याच होत्या. दोघी चढल्या. गाडी तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत लहानू 'प'पर्यंत आला होता.

आबांना आत नेलं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तारा लावल्या. बाहेर सगुणा देवाचं नाव घेत बसली होती. लहानू तिच्याशेजारी बसून बँडवाल्याला फोन लावत होता. दुपारनंतर मोठे डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. फोन कुणी केला?"

सगळ्यांनी अण्णाकडं बघितलं. तोही आणि गावची आणखी काही माणसंही मागून मोटारसायकलींवर आली होती. अण्णा म्हणाला, "मला लहानूनं केला." मग आचारी म्हणाला, "मलाही लहानूनंच केला." इस्त्रीवाला म्हणाला, "मलाही." तेवढ्यात रुग्णालयाच्या आवारात टेम्पो शिरला आणि त्यातून मांडववाला बांबू घेऊन उतरला, मागून बँडवाला. लग्न आहे की दुसरं काही, ते फोनवर नीट कळलं नव्हतं, म्हणून दोघांनीही सगळं सामान आणलं होतं. बबनरावही आला होता. तो एका कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता आणि आबांसाठी दोन शहाळी घेऊन आला होता.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "लहानूभाऊ, मी एकशेआठला म्हटलं होतं हो! ला! ला!"

"ला ला," लहानूनं मान डोलावली. त्याला वाटलं, बाई आनंदात गातायत. आबा वाचले होते, त्यालाही गावंसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आबांना साध्या खाटेवर आणलं. नर्सबाई कडक होती. तिनं दारातच बजावलं, "पेशंटजवळ एका वेळी एकच माणूस. दुसरा आला की पहिल्यानं बाहेर." सगुणा बाहेर थांबली आणि लहानूला आत धाडलं, कारण आबांनी शुद्धीवर आल्याबरोबर पहिलं काय विचारलं असेल, तर "तो येडच्याप जेवला का?"

लहानू आत गेला. आबा उशीला टेकून बसले होते, उशाशी त्यांचा फोन होता. आबांना बोलायचं होतं. पण लहानूचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. यादी सगळी संपली होती, शेवटचा हळदीवालाही झाला होता, आणि मोजले तर फोन भरत होते एकशेसात. एक कमी! आणि एक कमी झाला तरी उपयोग नाही. म्हणजे आबांचं अजून काही खरं नव्हतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याला आठवलं. एक नाव आपण सोडलं होतं!

तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, कारण तिथं रेंज होती, आणि त्यानं फोन लावला.

आबांच्या उशाशी फोन वाजला. आबांनी नाव बघितलं. पाठमोऱ्या लहानूकडं बघितलं. आणि फोन कानाला लावला.

"हॅलो."

"हॅलो, आबा? मी लहानू. लवकर निघा. आपले आबा दवाखान्यात आहेत."

आबांनी विचारलं, "कसे आहेत?"

"डॉक्टर म्हणतात बरे आहेत. पण तुम्ही या आबा. मला फार भीती वाटतेय. तुम्ही आलात की मला धीर येईल."

आबांनी टॉवेलानं डोळे पुसले. "आलोच बाळा," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला बाळा म्हटलं होतं.

लहानूनं फोन ठेवला आणि वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "झाले एकशेआठ!" तो खाटेवरच्या आबांना म्हणाला. "आता काही काळजी नाही. आबा निघालेत."

आणि त्यांचं पांघरूण नीट करून तो लगबगीनं दाराकडं गेला.

"अरे, चाललास कुठं?" आबांनी विचारलं.

"आबा येतायत ना. नर्सबाई एकच माणूस ठेवते, म्हणून मी बाहेर थांबतो." मग दारातून वळून त्यानं आबांना बोट दाखवून दटावलं, "आणि ते येईपर्यंत तुम्ही खाटेवरून अजिबात हलायचं नाही!"